स्नायू लवण्यावरची गोळी: किती दिवस घ्यायची, कधी थांबवायची आणि कशी

पोटरी, मांडी, दंड, पापणी, कधी तळपाय. त्वचेखाली मांस आपोआप उडतं, क्षणात थांबतं आणि दुसरीकडे सुरू होतं. दिवसा कामाच्या नादात लक्ष जात नाही, पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की जाणवू लागतं. काहींना सोबत पोटरीत गोळेही येतात. रक्त तपासलं जातं, ईएमजी (नसा-स्नायूंची विद्युत तपासणी) होतो, न्यूरॉलॉजिस्ट ‘काळजीचं काही नाही’ म्हणतात आणि एक गोळी सुरू होते. ती कधीपर्यंत घ्यायची हे मात्र चिठ्ठीवर क्वचितच लिहिलेलं असतं. मग महिना सरला की पत्ता आणायचा, असं करत दोन-चार वर्षं जातात. शेवटी एके दिवशी माणूस वैतागून ती एकदम बंद करतो, आठवडाभरात अंग आधीपेक्षा जास्त लवायला लागतं आणि ‘ही गोळी आता जन्मभराची’ असं मनात बसतं.

हा शेवटचा निष्कर्ष पुष्कळदा चुकीचा असतो. मी स्वतः प्रीगाबालिन ही नसा शांत करणारी गोळी बराच काळ घेतली आणि टप्प्याटप्प्याने सोडली. गोळी वाईट असते असं मला मुळीच म्हणायचं नाही, गरजेच्या वेळी तिने मला झोप दिली. पण ती कशासाठी सुरू झाली हे माहीत असल्याशिवाय ती चालू ठेवणंही योग्य नाही आणि बंद करणंही. खालची प्रत्येक पायरी तुमच्या डॉक्टरांच्या सोबतीनेच चढायची किंवा उतरायची आहे. डोस ठरवणं त्यांचं काम आहे. नीट माहिती घेऊन त्यांच्यासमोर बसणं हे आपलं.

आधी निदान पक्कं आहे ना?

हा लेख अशा लोकांसाठी आहे ज्यांना डॉक्टरांनी तपासून ‘बिनाइन फॅसिक्युलेशन’ (निरुपद्रवी लवणं) किंवा ‘क्रॅम्प-फॅसिक्युलेशन सिंड्रोम’ (लवण्यासोबत गोळे येणं) असं सांगितलं आहे. स्नायूंकडे जाणाऱ्या नसा गरजेपेक्षा जास्त चटकन पेटतात, असा हा प्रकार आहे. चेहऱ्याची फक्त एकच बाजू सतत उडत असेल तर तो वेगळा विकार असतो. त्यात स्नायू सैल करणारं बोट्युलिनम इंजेक्शन साधारण तीन-चार महिन्यांनी द्यावं लागतं आणि तिथे थांबवण्याचं गणितही वेगळं असतं.

या त्रासातली सगळ्यात मोठी भीती असते एएलएसची, म्हणजे मोटर न्यूरॉन डिसीजची, ज्यात स्नायूंची शक्ती हळूहळू जात राहते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९९३ मध्ये अशा १२१ रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यांना २ ते ३२ वर्षं पाहिलं गेलं होतं आणि त्यांतल्या एकालाही तो आजार झाला नाही. रात्री दोन वाजता मोबाईलवर लक्षणं शोधत बसणाऱ्यांनी हे वाक्य लिहून ठेवावं.

मात्र काही गोष्टी दिसल्या तर गोळीचा विचार बाजूला ठेवून लगेच न्यूरॉलॉजिस्टकडे जा. हातातली पकड सुटते, शर्टाची बटणं लावता येत नाहीत, चालताना पाऊल घासतं, एखादा स्नायू डोळ्यांना दिसेल इतका बारीक होतो, बोलणं जड होतं, गिळताना ठसका लागतो, आडवं झालं की दम लागतो. नुसतं लवणं आणि शक्ती जाणं यांतला हा फरक सर्वांत महत्त्वाचा आहे.

दुसरं म्हणजे, दुरुस्त करता येईल असं कारण राहून गेलंय का ते पाहा. थायरॉइड, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी) यांचे अहवाल फाईलमध्ये हवेत. शाकाहारी घरांत आणि मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी असणं अगदी नेहमीचं आहे. ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोल, ओमेप्राझोलसारख्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर काहींचं मॅग्नेशियम उतरतं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर पोटॅशियम उतरू शकतं. दम्याचा साल्ब्युटामॉल पंप, थिओफायलिनच्या गोळ्या आणि दिवसातून सात-आठ कप चहा यांनीही अंग लवतं. एका औषधाचा दुष्परिणाम दुसऱ्या औषधाने दाबायचा, असं नकळत चालू असेल तर आधी ते थांबवायला हवं.

शेतीशी संबंध असणाऱ्यांनी एक गोष्ट मुद्दाम डॉक्टरांच्या कानावर घालावी. ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातल्या कीटकनाशकांच्या विषबाधेत स्नायू लवणं हे ठळक लक्षण असतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरता कामा नये. फवारणीनंतर अंग लवतंय आणि सोबत लाळ, घाम, उलटी, धूसर दिसणं असं काही असेल तर ती तातडीची वेळ आहे. १०८ ला फोन करा.

कुठली भस्मं किंवा पारा असलेली औषधं घेत असाल तर तेही लपवू नका. पाऱ्याचा शरीरातला साठा आणि नसांची अतिउत्तेजना यांचा संबंध भारतातल्या रुग्णांमध्येही नोंदला गेला आहे.

गोळी नेमकी कशावर चालू आहे?

सगळ्या लेखातला हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. कागद घ्या आणि गोळी सुरू झाली तेव्हा सर्वांत जास्त त्रास कशाचा होता ते लिहा. लवण्याचा? पोटरीत येणाऱ्या गोळ्यांच्या वेदनेचा? झोप न लागण्याचा? की आपल्याला भयंकर काहीतरी झालंय या धास्तीचा?

उत्तर प्रत्येकाचं वेगळं येतं आणि औषध थांबवण्याची वेळ त्यावरच ठरते. पोटऱ्यांत रोज रात्री गोळे यायचे आणि कार्बामाझेपिन किंवा गॅबापेंटिनने ते कमी झाले, तर औषध नसेच्या उत्तेजनेवर काम करतंय. क्लोनाझेपाम घेतल्यावर लवणं तेवढंच राहिलं पण त्याचं काही वाटेनासं झालं, तर ती गोळी धास्तीवर आणि झोपेवर काम करतेय. यात कमीपणा काही नाही, भीती हाही खरा त्रास आहे. पण त्यासाठी समुपदेशन आणि इतर चांगले उपाय आहेत. क्लोनाझेपाम वर्षानुवर्षं घेण्याची गोळी नाही, शरीराला तिची सवय लागते.

अजून एक गोष्ट स्पष्ट असू द्या. ही औषधं लक्षण दाबतात, विकाराची चाल बदलत नाहीत. गोळी थांबवली म्हणून ‘आजार बळावेल’ असं या विकारात होत नाही. फार तर लक्षण परत येईल. रक्तदाबाची किंवा फिट्सची गोळी थांबवणं आणि ही थांबवणं यांत हा मूलभूत फरक आहे. फिट्ससाठी हेच औषध घेणाऱ्यांना म्हणूनच या लेखातलं काहीही लागू होत नाही.

पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा

आपल्याकडे जोडगोळ्यांचा सुळसुळाट आहे. प्रीगाबालिनसोबत मिथाइलकोबालामिन, गॅबापेंटिनसोबत नॉर्ट्रिप्टिलिन, क्लोनाझेपामसोबत एस्सिटालोप्राम. तुम्हाला वाटतं एक गोळी सोडतोय, प्रत्यक्षात दोन औषधं एकदम सुटतात. नॉर्ट्रिप्टिलिन आणि एस्सिटालोप्राम ही नैराश्यावरची औषधंसुद्धा हळूहळूच उतरवावी लागतात. एस्सिटालोप्राम झटकन थांबवली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेसारखे झटके असा त्रास होऊ शकतो. म्हणून उतरणीच्या, म्हणजे डोस टप्प्याने कमी करण्याच्या, आधी डॉक्टरांना विचारून जोडगोळी सोडवून दोन सुट्या गोळ्या करून घ्या, म्हणजे एका वेळी एकच औषध कमी करता येतं.

गोळी चालू आहे तोवर काय तपासायचं

गॅबापेंटिन आणि प्रीगाबालिन ही दोन्ही मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. वय वाढलं, मधुमेहाने क्रिएटिनिन चढलं, तर कालपर्यंत सोसलेला डोस आज जास्त होतो. अशा वेळी गुंगी येते, तोल जातो आणि अंगाला झटकेही बसू लागतात, म्हणजे ज्यासाठी गोळी घेतली तसलाच त्रास गोळीने सुरू होतो. ‘लवणं वाढलंय, डोस वाढवूया’ असं ठरवण्याआधी क्रिएटिनिन पाहायला सांगा. पावलांना सूज आणि वाढलेलं वजन हेही या औषधांचे नेहमीचे परिणाम आहेत. अफूवर्गीय वेदनाशामकं, झोपेच्या गोळ्या किंवा दारू यांच्यासोबत घेतल्यास श्वास मंदावू शकतो, वयस्कर माणसांत तर अधिकच.

कार्बामाझेपिनची काळजी वेगळी. १९९१ मध्ये क्रॅम्प-फॅसिक्युलेशनचं जे वर्णन प्रसिद्ध झालं, त्यात या औषधाने आराम पडल्याची नोंद आहे. या विकारावर मोठ्या चाचण्या मात्र झालेल्या नाहीत, तेव्हा ‘हेच एकमेव औषध’ असं कोणी म्हणू नये. सुरू करण्याआधी एचएलए-बी १५०२ ही जनुकीय तपासणी करावी का, हे डॉक्टरांना विचारा. आशियाई लोकांत, भारतीयांतही, हा जनुकप्रकार आढळतो आणि तो असलेल्यांना अंगावरची त्वचा सोलवटून निघण्याची जीवघेणी प्रतिक्रिया येऊ शकते. हा धोका मुख्यतः पहिल्या काही महिन्यांतला असतो. या काळात पुरळ, ताप, तोंडात फोड असं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, उतरणीची वाट पाहायची नाही. पुढे सोडियम, रक्तपेशी आणि यकृताच्या तपासण्या अधूनमधून लागतात. सोडियम उतरलं की थकवा येतो, गोंधळल्यासारखं होतं, आणि पायात गोळेही येतात. दीर्घकाळ घेतल्यास ड जीवनसत्त्व आणि हाडांकडेही पाहावं लागतं.

क्लोनाझेपामसाठी रक्त तपासणीपेक्षा चार साधे प्रश्न उपयोगी पडतात. सकाळी डोकं जड असतं का? विसरायला होतं का? रात्री बाथरूमला जाताना तोल जातो का? तोच परिणाम मिळण्यासाठी डोस वाढवावा लागलाय का? शेवटच्याचं उत्तर ‘हो’ असेल तर थांबवण्याचा विषय पुढच्या भेटीतच काढा.

लवणं मोजू नका, दिवस मोजा

दिवसातून किती वेळा मांस उडालं याची नोंद ठेवू नका. मोजायला लागलं की लक्ष तिकडेच जातं आणि जास्तच जाणवतं. त्याऐवजी आठवड्यातून एकदा, समजा रविवारी संध्याकाळी, वहीत चार ओळी लिहा. झोप किती रात्री मोडली, गोळे किती वेळा आले, या त्रासामुळे कुठलं काम अडलं, गोळीमुळे काय त्रास झाला. डोस, ताप, जागरण, फार श्रम, नवं औषध अशा घटना बाजूला टिपा. दोन महिन्यांची अशी वही डॉक्टरांना ईएमजीच्या अहवालाइतकीच उपयोगी पडते.

थांबवण्याचा विचार कधी करायचा

माझं मत असं की पुरेशा डोसवर सहा महिने बऱ्यापैकी शांत गेले, झोप जागेवर आली, तर विषय काढायला हरकत नाही. शांत म्हणजे लवणं शून्य नव्हे. लवणं पूर्ण थांबण्याची वाट पाहत बसलात तर कदाचित कधीच थांबवणार नाही, कारण थोडंफार लवणं निरोगी माणसालाही असतं.

उलट टोकालाही हाच निर्णय येतो. डॉक्टरांनी ठरवलेला पुरेसा डोस दोन महिने घेऊनही वहीतल्या चार ओळी बदलल्या नाहीत, तर ती गोळी तुमच्यासाठी निरुपयोगी आहे. निरुपयोगी गोळी ‘असू दे, काही तरी करत असेल’ म्हणून चालू ठेवणं ही मला सर्वांत मोठी चूक वाटते. पहिली तशीच ठेवून वर दुसरी चढवली जाते आणि मग कुठल्या गोळीने काय होतंय ते कोणालाच सांगता येत नाही.

मूळ कारण सापडून दुरुस्त झालं, म्हणजे बी-१२ भरून आलं, थायरॉइड ताळ्यावर आलं, किंवा दम्याचा पंप बदलला, तरीही पुन्हा विचार करावा.

बाळाचा विचार असेल तर मात्र आधीच बोला, दिवस राहिल्यावर नाही. कार्बामाझेपिनमुळे गर्भाच्या मज्जारज्जूत दोष राहण्याचा धोका वाढतो. शिवाय ते गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही कमी करतं, हे अनेकींना कोणी सांगितलेलंच नसतं. प्रीगाबालिनबद्दलही गरोदरपणात सावधगिरीचा इशारा आहे. दिवस राहिलेच असतील तर घाबरून गोळी झटक्यात बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

आणि कधी थांबवू नये? घरात लग्न, मुलांची बारावी, नोकरी बदल, डेंग्यूतून उठल्यानंतरचे आठवडे, घरात कुणाचं निधन. उतरणीला दोन-तीन साधे, कंटाळवाणे महिने निवडा.

उतरण

पहिला नियम: एकदम बंद नाही. गॅबापेंटिन, प्रीगाबालिन, क्लोनाझेपाम, कार्बामाझेपिन यांपैकी कुठलंही औषध अचानक तोडलं तर फिट येण्याचा धोका असतो, आधी कधी फिट आलेली नसली तरी. पत्ता संपलाय आणि दुकान बंद आहे अशी वेळ येऊ नये म्हणून आठवडाभराच्या गोळ्या नेहमी शिल्लक ठेवा.

गॅबापेंटिन आणि प्रीगाबालिन किमान आठवडाभर घेऊन उतरवावीत असं त्यांच्या अधिकृत माहितीपत्रकात आहे. पण वर्षानुवर्षं घेणाऱ्याला आठवडा फार कमी पडतो. ब्रिटनमधल्या मार्गदर्शनात प्रीगाबालिन आठवड्याला जास्तीत जास्त ५० ते १०० मिलिग्रॅमने कमी करावी असं सांगतात. ही कमाल मर्यादा आहे, त्याहून सावकाश जायला कोणाचीच हरकत नसते. समजा सकाळ-रात्र ७५ मिलिग्रॅम चालू आहे. डॉक्टर आधी सकाळची ५० करतील, दोन आठवडे थांबतील, मग २५, मग सकाळची बंद, आणि रात्रीची तशीच टप्प्याने. झोपेसाठी उपयोगी असलेला रात्रीचा डोस शेवटी काढणं मला सोयीचं गेलं. ‘एक दिवस घेतली, एक दिवस नाही’ असा प्रयोग या दोन औषधांत करू नका. ती काही तासांतच शरीरातून निम्मी होतात, त्यामुळे रोज चढ-उतार होऊन त्रासच होतो.

क्लोनाझेपाम सर्वांत हळू. अमेरिकेतल्या २०२५ च्या मार्गदर्शनानुसार सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के कमी करावं आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. आपल्याकडे ०.५ आणि ०.२५ मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात, त्यामुळे इतक्या बारीक पायऱ्या जमवायला गोळीचे तुकडे करावे लागतात. शेवटच्या पायऱ्या दिसायला लहान असतात, पण ०.२५ वरून ०.१२५ म्हणजे थेट निम्मं. म्हणून तिथे सर्वांत जास्त थांबायचं. ही गोळी शरीरातून सावकाश जाते, त्यामुळे डोस कमी केल्यावर पहिले दोन-तीन दिवस छान जातात आणि त्रास नंतर येतो. पहिल्या दिवसांवर विसंबून पुढची पायरी लवकर घेऊ नका.

कार्बामाझेपिन उतरवताना बाकीच्या औषधांकडे लक्ष ठेवा. हे औषध यकृताला इतर औषधं लवकर निकाली काढायला लावतं. ते थांबलं की त्या औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढतं. रक्त पातळ करणारी वॉरफरिन घेणाऱ्यांचं रक्त नको इतकं पातळ होऊ शकतं, म्हणून त्या आठवड्यांत आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) वारंवार पाहायला हवा. पाकिटावर एसआर किंवा सीआर (म्हणजे औषध सावकाश सोडणारी) लिहिलेली गोळी विचारल्याशिवाय कुटू किंवा मोडू नका, कॅप्सूल उघडू नका. आणि उतरणीच्या काळात कंपनी बदलू नका.

घरातल्या एका माणसाला हे वेळापत्रक माहीत असू द्या. कॅलेंडरवर पुढची तारीख लिहून ठेवली की दोघांनाही दिसते.

परत लवायला लागलं तर

इथेच बहुतेक जण घाबरून माघार घेतात. परत येणारं लवणं तीन प्रकारचं असू शकतं.

औषध सुटण्याचा त्रास डोस कमी केल्यावर काही दिवसांत येतो आणि एकटा येत नाही. झोप उडते, घाम येतो, हात थरथरतात, मळमळतं, आवाज सहन होत नाही, उगाच धडधडतं. यातल्या काही गोष्टी तुम्हाला आधी कधीच झालेल्या नसतात, हीच खूण. डोस न वाढवता त्याच पायरीवर थांबलं तर हा त्रास बहुतेकदा दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. क्लोनाझेपाममध्ये जास्तही लागू शकतात.

दुसरा प्रकार उसळीचा: जुनंच लक्षण, पण पूर्वीपेक्षा जोरात, थोड्या दिवसांसाठी. घाबरवतं, आणि उतरतं.

तिसरं म्हणजे मूळ त्रास परत येणं. तो सावकाश येतो, जुन्याच जागी, जुन्याच पद्धतीने, नवी लक्षणं न आणता, आणि महिना उलटला तरी हलत नाही. हे तिन्ही ओळखायला वहीच उपयोगी पडते. शिवाय हा विकार मुळातच आठवड्या-आठवड्याला कमी-जास्त होणारा आहे, तेव्हा एका वाईट रात्रीवर निर्णय घेऊ नका.

काहीही झालं तर एवढं करायचं: पुढची पायरी थांबवा, आहे तिथेच राहा, डॉक्टरांना कळवा. फारच जड गेलं तर एक पायरी वर जाता येतं.

फिट, भास, कमालीचा गोंधळ, किंवा जीव द्यावासा वाटणं, यांपैकी काही झालं तर लगेच रुग्णालय गाठा. फिट्सच्या वर्गातल्या औषधांनी, म्हणजे वरच्या चारही औषधांनी, आत्महत्येचे विचार येऊ शकतात हा इशारा औषध चालू असतानाही लागू आहे. शासनाची टेली-मानस ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

मूळ त्रासच परत आला असेल

तर पुन्हा गोळी घेणं हा पराभव नाही. तुम्हाला आता दोन गोष्टी पक्क्या कळल्या आहेत: औषध खरोखर काम करतं, आणि पूर्वीपेक्षा कमी डोसवर भागतं का ते पाहता येतं. पुष्कळदा भागतं. सर्वांत कमी पुरेसा डोस, वर्षातून एकदा तपासण्या, आणि वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा उतरणीचा विचार, असं ठरवून घ्या आणि तारीख चिठ्ठीवर लिहायला सांगा.

सोबतीला रात्री झोपण्यापूर्वी पोटऱ्या ताणणं, संध्याकाळनंतर चहा-कॉफी बंद आणि नियमित झोप एवढं करा. मॅग्नेशियमची कमतरता रक्तात दिसली तर ते जरूर घ्या. कमतरता नसताना फार आशा ठेवू नका, आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय घेऊच नका. पोटरीत येणाऱ्या गोळ्यांसाठी कुणी मलेरियावरचं क्विनाइन सुचवलं तर नाही म्हणा. रक्तपेशी आणि हृदयाच्या ठोक्यांवरच्या गंभीर परिणामांमुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्या वापराविरुद्ध स्पष्ट इशारा दिला आहे.

शेवटची गोळी घेतल्यानंतर तीन महिने वही चालू ठेवा आणि मग डॉक्टरांना एकदा भेटा. कुठलं औषध, किती डोस, कधी सुरू, कधी बंद, उतरताना काय झालं हे फाईलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या, पुढे कुठल्याही शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ हेच विचारतील. उरलेल्या गोळ्या ‘तुलाही तसंच होतं ना’ म्हणून भावजयीला किंवा शेजाऱ्यांना देऊ नका.